सोबतीचं नाव

४ फेब्रुवारी

प्रिय इस्त्री,

आपल्या फॅन क्लबच्या सेक्रेटरींचं परिपत्रक तुलाही मिळालं असेल. बाईंचा हा शेवटचा दौरा, आणि आपल्या बाजूला फक्त एक कार्यक्रम. वाचलं आणि हातातली कवळी तशीच टेबलावर ठेवून मी लॅबच्या मागच्या जिन्यावर जाऊन बसले. मालक बघायला आले. म्हणाले, घरी कुणाचं काही झालं का? मी म्हटलं, नाही हो, आमच्या बाई गाणं थांबवताहेत. ते ‘अस्सं’ म्हणाले आणि आत गेले. या माणसाला दातांपलीकडचं काही कळत नाही.

आता कामाचं बोलते. या वेळी आपल्या जोडीचा तिकिटांचा कोड माझ्याकडे आहे. गेल्या दौऱ्याला तुझी पाळी होती आणि आपले काय हाल झाले ते मी विसरलेले नाही. तू रजा टाकून दिवसभर पडद्यासमोर बसलीस, आणि तुझा नंबर लागला तेव्हा पाटी आली, तिकिटं संपली. दुसऱ्याच दिवशी तीच तिकिटं बाहेर दामदुपटीने. इतकी वर्षं वर्गणी आपण भरायची, वाढदिवसाची कार्डं आपण पाठवायची, आणि पहिल्या रांगेत बसणार कोण, तर ज्याला बाईंची दोन गाणी धड सांगता येणार नाहीत तो. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणे, ‘कंपनीशी बोलणी चालू आहेत.’ त्यांची बोलणी आपल्या केसांबरोबर पिकली.

या खेपेला नवा नियम आहे, नीट वाच. एका कोडवर दोन तिकिटं. पहिल्यावर कोडवालीचं नाव, आणि तिने स्वतः दारात ओळखपत्र दाखवायचं. ती आली नाही तर दोन्ही तिकिटं रद्द. दुसऱ्यावर सोबतीचं नाव. तेवढं एकदाच बदलता येतं, तेही कार्यक्रमाच्या आठवडाभर आधीपर्यंत. काळाबाजारवाल्यांसाठी केलंय म्हणतात. मला काय, माझं नाव आणि खाली तुझं, विषय संपला. आपली गाठही शेवटी पडेल. कामावरून पाडलेल्या या इस्त्री-कवळी नावांनी इतकी वर्षं पत्रं लिहितोय, पण मी तुझं अक्षर ओळखते, तोंड ओळखत नाही.

फोन केला होता मध्ये. तू उचललास आणि ‘काय? काय?’ करून मला घसा फोडायला लावलास. तुमच्या त्या धुलाईखान्यातून बाहेर येऊन तरी फोन घेत जा.

मुलीचा अजून फोन नाही. तिच्या पदवीदानाच्या दिवशी मी बाईंच्या कार्यक्रमाला गेले ते तिने मनात धरलंय, आणि तिचं चुकलं असं मला कुणाला सांगता येत नाही.

तुझी कवळी


९ फेब्रुवारी

प्रिय कवळी,

तुझं पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं. हॉस्पिटलच्या चादरींचा ढीग समोर आणि मी एकटीच हसतेय म्हटल्यावर मुकादमबाईंना वाटलं, हिचं काहीतरी बिनसलं. त्यांना दाखवलं नाही. तुझी पत्रं मी कुणाला दाखवत नाही.

फोनचं म्हणशील तर मला तो प्रकारच आवडत नाही. बोललेलं हवेत विरून जातं. पत्र कसं, पुन्हा काढून वाचता येतं. तुलाही लिहायचा आळस येत नाही, मग कशाला ओरडायचं?

तिकीट कुठलंही चालेल, मला मागे बसायला लाज नाही. पण तुला निवडायला मिळालं तर पुढचं बघ, आणि हॉलच्या डाव्या अंगाचं. मला तिथून बरं पडेल. कारण विचारू नकोस, म्हातारीचे चोचले समज. आणि हे माझं पहिलंच आहे, ठाऊक आहे ना तुला? तू निदान एकदा बाईंना समोर बसून ऐकलंस. माझी कधी ड्यूटी आडवी आली, कधी आजारपण, कधी ती तिकिटांची कंपनी. या वेळी मुकादमबाईंना आत्ताच सांगून ठेवलंय की त्या दिवशी हॉस्पिटल पेटलं तरी मी येणार नाही.

मुलीला तू फोन कर. ती करेल म्हणून बसू नकोस. लहान कोण आणि मोठं कोण, हे अशा वेळी बघायचं नसतं गं.

तुझी इस्त्री


१७ फेब्रुवारी

प्रिय इस्त्री,

कसं सांगू कळत नाही, म्हणून एकदम सांगते. एकच तिकीट मिळालं.

सकाळी लॅबमध्ये लवकर जाऊन बसले. मालकांनी त्यांचा कॉम्प्युटर दिला, वर म्हणाले, तुमचं ते गाण्याचं उरकून घ्या. कोड घातला, चुकीचा आहे म्हणे. पुन्हा घातला, पुन्हा चुकीचा. तिसऱ्यांदा तोच कोड बरोबर निघाला, का ते देव जाणे. मग प्रतीक्षेचं पान. एक हिरवा ठिपका सरकत राहतो आणि खाली लिहिलेलं, ‘हे पान सोडून जाऊ नका’. मी पाणी प्यायलासुद्धा उठले नाही. शेजारी एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी घासायला पडली होती, ते बिचारे बाहेर तोंड मिटून बसलेले. नंबर आला तोवर बहुतेक गेलं होतं. जागांचा नकाशा उघडला तर सगळीकडे करडे चौकोन. घाईघाईने एक मिळालं ते घेतलं. दुसरं घ्यायला गेले तर पान बंद पडलं. काय करणार? हे सगळं यंत्राचं काम, आपण त्यात काय करू शकतो? मी कंपनीला फोन केला, तिथे नुसती पेटी वाजते.

तुझ्यासाठी जीव तुटतो गं. खरंच सांगते.

एक मात्र चांगलं झालं. त्याच दिवशी मुलीचा फोन आला. आपणहून. बरी बोलली.

सर्वांसाठीची विक्री पुढच्या आठवड्यात आहे, तिथे बघूच.

तुझी कवळी


२२ फेब्रुवारी

प्रिय कवळी,

आधी ही बातमी: मुलीचा फोन आला. हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि चहा करून प्यायले, आणि मगच पुढचं पुन्हा वाचलं. तिकिटापेक्षा हे मोठं आहे. तू त्या ओळी अशा चोरट्यासारख्या शेवटी का लिहिल्यास? मी काय रागावणार होते, माझं तिकीट गेलं आणि तुझी मुलगी आली म्हणून?

सर्वांसाठीच्या विक्रीत मी बसले होते. काही हाती लागलं नाही. वाईट वाटलं. नाही म्हटलं तर खोटं होईल. घरी येऊन बाईंची जुनी कॅसेट लावली आणि आवाज इतका मोठा केला की वरच्या मजल्यावरचे मास्तर खाली आले.

पण तुझ्यावर झालेला अन्याय मी सोडणार नाही. नियमात स्पष्ट लिहिलंय, एका कोडवर दोन. मग पान त्यांचं बंद पडलं तर त्याची शिक्षा तुला का? मी सेक्रेटरींना चांगलं दोन पानी पत्र लिहिलंय. लिहिलं की, माझी जोडीदारीण सकाळपासून पाणी न पिता बसली होती, ती खोटं बोलणारी बाई नाही, तिच्या कोडची कंपनीकडून चौकशी करा आणि तिचं राहिलेलं तिकीट तिला मिळवून द्या. नाही दिलंत तर मी वर्गणी बंद करते, असंही ठोकून दिलं. ते घाबरतील असं नाही, पण मला बरं वाटलं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू जा, डोळे भरून बघ, आणि मला सगळं लिही. साडीचा रंगसुद्धा.

तुझी इस्त्री


१२ मार्च

इस्त्री,

इतके दिवस उत्तर दिलं नाही. कामाचं कारण सांगणार होते. काम नेहमीचंच आहे.

मला दोन्ही तिकिटं मिळाली होती.

कोड दोनदा नाकारला ते खरं, ठिपका खरा, ते गृहस्थ खरे. त्यापुढचं सगळं खोटं. नंबर आला तेव्हा पुढच्या जागा अजून शिल्लक होत्या. मला जोडीने दोन मिळाल्या, पाचवी रांग, हॉलच्या डाव्या अंगाला. तू म्हणाली होतीस तशा. माझं नाव लिहिलं. खाली चौकट आली, ‘सोबतीचं नाव’, आणि कोपऱ्यात घड्याळ उलटं धावत होतं. मी तुझं नाव लिहायला घेतलं आणि फोन वाजला. मुलीचा. किती महिन्यांनी. म्हणाली, ‘आई, तुझ्या बाईंचा शेवटचा कार्यक्रम आहे म्हणे. तिकीट मिळालं का तुला? मी येऊ तुझ्याबरोबर? एकदा बघू तरी दे, तू मला कशासाठी सोडून गेली होतीस.’

मी हो म्हटलं. तुझं अर्धं लिहिलेलं नाव खोडलं आणि तिचं लिहिलं. बोटांनी आपोआप लिहिलं असं सांगावंसं वाटतं, पण बोटं माझीच होती. सुचायला वेळ मिळाला नाही असंही नाही. घड्याळात वेळ होता. मला पक्कं माहीत होतं मी काय करतेय.

त्या वेळीच तुला लिहिलं असतं, की बाई गं, पोरीने फोन केला, मला नाही म्हणवलं नाही, तर तू काय केलं असतंस ते आता तुझ्या पत्रावरून कळतंय. पण मी माझी अब्रू वाचवायला गेले, आणि तू तीच अब्रू घेऊन सेक्रेटरींशी भांडायला गेलीस. ‘ती खोटं बोलणारी बाई नाही.’ हे वाचल्यापासून मला कुणाच्या तोंडाचा साचा नीट घेता येत नाहीये. परवा एकाला वरचे दात खाली बसवून पाठवणार होते.

आणि हेही सांगते, कारण आता अर्धवट सांगण्यात अर्थ नाही. तू तक्रार केली नसतीस तर मी कबूल केलं असतं की नाही, मला माहीत नाही. चौकशी झाली की सगळं उघडं पडणार, या भीतीने मी लिहायला बसलेय. भीती नसती तर कदाचित मूग गिळून कार्यक्रमाला गेले असते आणि तुला साडीचा रंग कळवला असता.

माझं चुकलं. दुसरा शब्द सापडत नाही.

कवळी


१६ मार्च

कवळी,

सेक्रेटरींचं उत्तर तुझ्या पत्राच्या आधी आलं. ‘आपल्या जोडीदारास दोन्ही तिकिटे मिळालेली असून सोबतीचे नाव नोंदलेले आहे.’ ते मी मेजाच्या खणात ठेवलं आणि तुझ्या पत्राची वाट बघत बसले. रोज कामावरून आल्यावर आधी पत्रपेटी, मग चप्पल काढणं. तू लिहिलंस म्हणून मी आज लिहितेय. लिहिलं नसतंस तर आपलं संपलं होतं.

मी रागावलेय. तुला उगाच धीर द्यायला ‘जाऊ दे’ म्हणणार नाही. मुलीसाठी केलंस, ते मला कळतं. खोटं बोललीस, तेही एक वेळ कळतं. पण मी तुझी समजूत काढत होते तेव्हा तू गप्प बसून काढू दिलीस, हे मला गिळता येत नाही.

आता माझंही ऐक. मीही तुझ्यापासून काही लपवलंय. माझा डावा कान गेलाय. इतकी वर्षं त्या यंत्रांच्या शेजारी उभी राहिले, त्यांनी तो खाल्ला. उजवाही त्याच वाटेवर आहे. डॉक्टर म्हणतात, हे वर्ष निघालं तर नशीब. कानात घालायचं यंत्र दिलंय, त्याने बोलणं थोडं कळतं. गाणं कळत नाही, पत्र्यावर खडे टाकल्यासारखं येतं. म्हणून यंत्र काढून उजव्या कानाने जेवढं मिळेल तेवढं ऐकायचं होतं. म्हणून डावं अंग, म्हणजे स्टेज उजव्या कानाकडे येतं. म्हणून फोनवर ‘काय काय’.

तुला का सांगितलं नाही ते सांगते. सांगितलं असतं तर तू कितीही अडचण आली तरी ते तिकीट मला दिलंच असतंस. मला ते कानासाठी नको होतं. जोडीचं आहे म्हणून मिळावं असं वाटत होतं. एवढ्यासाठी कान दाखवावा लागू नये, एवढंच.

आता तुला कळलं आहे, म्हणजे दिलंस तरी ते कानासाठीच होणार, तेव्हा तो प्रश्न मिटला. तू मुलीला घेऊन जा. तिला पुन्हा दुखवू नकोस.

इस्त्री


२५ मार्च

इस्त्री,

तुझं पत्र घेऊन मुलीकडे गेले. तिचं घर मी पहिल्यांदाच पाहिलं. लिफ्टच्या कंपनीत आहे ती, नुकतीच कामावरून आली होती, नळाखाली कोपरापर्यंत ग्रीस धूत होती. पाठमोरी होती म्हणून मला सांगता आलं. सगळं सांगितलं. तिकीट कुणाचं होतं, मी काय लिहिलं, तुझा कान.

तिने हात पुसले. ओरडेल असं वाटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, ‘म्हणजे तेव्हा मला सोडलंस, आता तिला सोडलंस. बाई मात्र दोन्ही वेळा तुझ्याकडेच राहिल्या.’

कोडवालीला जावंच लागतं, नाहीतर दोन्ही तिकिटं रद्द होतात, नियमच तसा आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं. आणि मिटलं. नियमाचं बरोबर होतं आणि तिचंही बरोबर होतं. मी तिच्या खुर्चीवर बसून रडले. तिने रडू दिलं, जवळ आली नाही. मग चहा ठेवला. साखर किती ते विचारलं नाही, तिला आठवत होतं.

चहा झाल्यावर लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवला. ‘नाव बदल. माझ्यासमोर बदल.’ मी म्हटलं, तुला वाईट वाटेल. म्हणाली, ‘वाटेलच. पण फसवून मिळवलेल्या खुर्चीत मला बसायचं नाही. आणि तू माझ्यासाठी कुणाला तरी फसवलंस, हे मला थोडं आवडलं, त्याचाही राग आलाय.’ मी तुझं नाव लिहिलं. या वेळी पूर्ण. आता ते बदलता येत नाही, कुणालाच.

ती माझ्याशी परत कधी बोलेल ते माहीत नाही. दारात एवढंच म्हणाली, की कार्यक्रम सुटल्यावर तुझी मैत्रीण एकटी कशी परत जाणार, मी गाडी घेऊन येते.

तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मी दारात ओळखपत्र दाखवून तुला आत सोडते आणि बाहेर बसते. पहिल्या तिकिटाचा माणूस आत बसलाच पाहिजे असं नियमात कुठे लिहिलेलं नाही, मी तीनदा वाचलं.

कवळी


३० मार्च

कवळी,

मी येते. माफ केलं म्हणून नाही. तिकीट माझं आहे म्हणून.

बाहेर बसायची नाटकं करू नकोस. बाईंसमोर रिकामी खुर्ची ठेवायची म्हणजे काय? इतकी वर्षं क्लबात काढून एवढंही कळू नये?

मी राखाडी कोट घालीन. ओळखू आलं नाही तर सगळ्यांत कडक इस्त्रीचा कोट शोध.

इस्त्री


२१ एप्रिल

प्रिय कवळी,

घरी सुखरूप पोचले ते तुझ्या मुलीने तुला सांगितलं असेलच. म्हणजे, ती तुझ्याशी बोलली असेल अशी आशा. गाडीत माझ्याशी पुष्कळ बोलली, आणि दर वेळी मान वळवून, तोंड दिसेल असं. हे तिला कुणी शिकवलं? मला उतरवताना म्हणाली, ‘आई दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवते आणि स्वतःचं तोंड वेळेवर उघडत नाही.’ मी हसले. तू चिडू नकोस.

मी तिला विचारलं, बाहेर गाडीत बसून काय केलंस इतका वेळ? म्हणाली, हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभी होते, थोडं थोडं ऐकू येत होतं. भिंतीतून जेवढं येईल तेवढं. मी म्हटलं, मलाही तेवढंच.

पण तेवढं मिळालं मला. वरचे सूर गेले, वाद्यांचं नुसतं घुमणं कळलं. बाईंचा खालचा आवाज मात्र आला. मधेच त्यांनी गाणं थांबवून श्वास घेतला, तो मला ऐकू आला. कॅसेटमध्ये तो कधीच ऐकू आला नव्हता. त्या एका श्वासासाठी मी दहा वेळा त्या हिरव्या ठिपक्यासमोर बसेन. साडी मोरपंखी होती. तू बघितलीस की नाही कोण जाणे, तू माझ्याकडेच बघत होतीस.

रागाचं म्हणशील तर आहे अजून. कमी झालाय. सेक्रेटरींना जोडी बदलून द्या असं लिहून ठेवलं होतं. ते अजून पाठवलेलं नाही, फाडलेलंही नाही. तुझ्यापासून काही लपवायचं नाही म्हणून सांगतेय.

आणि एक. शेवटच्या गाण्याला दिवे मंद झाले तेव्हा तू माझा हात धरलास आणि वाकून कानाशी काहीतरी बोललीस. बराच वेळ बोलत होतीस. रडतही होतीस, ते हाताला कळलं. अगं, तो डावा कान. मला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. उजवा तुझ्याकडे वळवता आला असता, पण तो त्या दिवशी बाईंना दिला होता.

काय म्हणालीस ते लिहून पाठव. मला पुन्हा पुन्हा वाचता येईल असं लिही.

तुझी इस्त्री